मका एकरी अठ्ठावीस, भाव चौदाशे ऐंशी आणि भाचीला व्हायचंय पैदासकार

देपालपूरची_लेक (धागाकर्ती)

मंडळी, मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, माहेर देपालपूरकडचं. भाऊ शेती करतो, अकरा एकर काळी जमीन. वर्षानुवर्षं खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि थोडा लसूण असंच चाललंय. मागची दोन वर्षं सोयाबीन चार हजाराच्या आसपास विकून तो इतका वैतागला की यंदा चार एकरांत मका घातला. पहिल्यांदाच. सगळे म्हणत होते, मक्याला आता इथेनॉलचं गिऱ्हाईक आलंय, भाव पडायचा नाही.

पीक उत्तम आलं. चार एकरांत ११२ क्विंटल, म्हणजे एकरी २८. गावात लोक बघायला येत होते. आणि मंडीत पहिल्या ट्रॉलीला भाव निघाला १४८० रुपये. २०२५-२६ चा हमीभाव २४०० आहे. सोयाबीनला यंदा भावांतर (हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक देणारी सरकारी योजना) तरी आहे, आमच्या मक्याला तेही नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. भाऊची मुलगी इथल्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एम.एस्सी. करायचंय ते आनुवंशिकी व वनस्पती प्रजननात. नवीन वाण काढायचे, हेच तिच्या डोक्यात. दिवाळीत जेवताना तिने विषय काढला आणि भाऊने ताटावरच सांगितलं, "जास्त पिकलं म्हणून भाव पडला. तू आणखी जास्त पिकणारं वाण काढशील, मग भाव आणखी पडेल. कुणासाठी करणार आहेस हे?"

पोरगी काही बोलली नाही. मलाही उत्तर सुचलं नाही. भाऊ वाईट नाही, चिडलेला आहे. पण प्रश्न खोटा आहे असंही मला म्हणता येईना. इथे शेती करणारे, मंडीतले, बियाण्यांतले लोक आहेत म्हणून विचारते. तिला काय सांगू?

निमाडी_कापूस

ताई, मी खरगोनकडचा. मका आमच्याकडे जुना, त्यामुळे आधी एकच विचारतो. ११२ क्विंटल मोजले तेव्हा ओल किती होती? मक्याचा एकरी आकडा ओल सांगितल्याशिवाय पुरा होत नाही. कणीस वरून सुकलेलं दिसतं आणि दाण्यात पंचवीस टक्के पाणी असतं.

देपालपूरची_लेक

विचारून सांगते, दादा. मंडीत मीटर लावलं तेव्हा २२ आली होती. पहिली ट्रॉली ४० क्विंटल तशीच दिली. उरलेला ७२ क्विंटल भावाने अंगणात आणि शाळेमागच्या सिमेंटच्या ओट्यावर आठ दिवस वाळवला. मग १४ ओल लागली आणि १७२० ने गेला.

निमाडी_कापूस

मग हिशेब असा. मक्याचा व्यवहार साधारण १४ टक्के ओलीवर धरतात. २२ टक्क्यांच्या ११२ क्विंटलमध्ये कोरडा माल ७८ भाग, १४ टक्क्यांवर आणायचा तर ११२ ला ७८ ने गुणा आणि ८६ ने भागा. येतात साधारण १०१ क्विंटल साठ किलो. एकरी सव्वापंचवीसच्या वर. तरी चांगलंच उत्पन्न आहे. देशाची सरासरी हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एकरी १४ क्विंटल. भावाने पहिल्याच वर्षी त्याच्या पावणेदोनपट काढलंय.

आता वाळवण्याचं बघा. ७२ क्विंटल ओला १४८० ने दिला असता तर १,०६,५६० रुपये. वाळल्यावर तो उरला ६५.३ क्विंटल, १७२० ने झाले १,१२,३१६. फरक पावणेसहा हजार. त्यातून आठ दिवसांची मजुरी, ताडपत्री आणि रात्री उठून झाकणं वजा करा. १४८० चा ओला माल आणि १६३२ चा कोरडा माल शेतकऱ्याच्या खिशाला सारखाच. १६३२ च्या वर जेवढं मिळेल तेवढीच वाळवण्याची कमाई. हे गणित मी दरवर्षी पेरणीआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

आणि २०१८ नंतर लष्करी अळीच्या फवारण्यांचा खर्च वाढलाय, तोही धरा. त्या वर्षी ती कर्नाटकात शिवमोग्ग्याला पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता आमच्या पोंग्यांपर्यंत आली.

छावनी_भुसार

तीस वर्षं छावनी मंडीत आडतीवर हिशेब लिहिले, आता घरी असतो. भाव का पडला यावर थोडं लिहितो, कारण "जास्त पिकलं म्हणून पडला" हे अर्धंच खरं आहे.

मक्याची मोठी गिऱ्हाइकं तीन. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसावर बंधन आणलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला. तिथून मक्याला खरी मागणी लागली. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर निघतं. ३८ ला ७१.८६ ने गुणा, २७३० रुपये होतात. त्यात जळण, एंझाइम, मजुरी, कर्जाचे हप्ते. तरी या आकड्यावरूनच सगळ्यांनी मक्याचं भवितव्य मांडलं. पेरा वाढला. देशाचं उत्पादन २०२३-२४ मध्ये पावणेचार कोटी टनांच्या आसपास होतं, पुढच्या वर्षी ते सव्वाचार कोटींच्या वर गेलं. त्यातच एफसीआयच्या सरकारी गोदामांतला तांदूळ इथेनॉलला मिळू लागला, म्हणजे कारखान्याला दुसरा कच्चा माल आला. मक्याला एकट्याने वाट अडवून धरता येईना.

आता माळव्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. इथेनॉल काढल्यावर मक्याचा जो चोथा उरतो तो वाळवून विकतात, त्याला डीडीजीएस म्हणतात. क्विंटलमागे साधारण तीस किलो. त्यात प्रथिनं भरपूर आणि तो सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त. कोंबडीखाद्यवाल्यांनी सोयापेंडीची जागा त्याला द्यायला सुरुवात केली. पेंडीचा उठाव कमी झाला, पेंड पडली की सोयाबीन पडतं, कारण सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्केच, बाकी बहुतेक पेंडच. इथल्या सोया प्रक्रिया करणाऱ्यांची संघटना, सोपा, तिचं मुख्यालय इंदुरातच आहे, ती हे वारंवार मांडत आलीय.

म्हणजे ताई, तुमच्या भावाने सोयाबीन पडलं म्हणून मका घातला. आणि सोयाबीन पडायला जी कारणं झाली त्यांत मक्याचं इथेनॉलही एक होतं. त्याला सांगा, त्याच्या हातून चूक झाली नाही. चार एकरांतला शेतकरी हे शेतात उभं राहून कसं बघणार? मी मंडीत बसून बघत होतो, मलाही पुरतं उमगायला वर्ष गेलं.

देपालपूरची_लेक

काका, हे भावाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "परत एकदा वाच."

आयोवा_व्हाया_रामबाग

मी मूळ रामबागेतला. शिकायला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावी आलो आणि पुढे आयोवातच राहिलो. भोवती नजर पोचेल तिथवर मका.

इथे मापं वेगळी. मका बुशेलमध्ये मोजतात, बुशेल म्हणजे २५.४ किलो, तोही १५.५ टक्के ओलीवर धरलेला. २०२४ ला अमेरिकेची सरासरी एकरी १७९ बुशेल आली, म्हणजे जवळजवळ ४५ क्विंटल. देपालपूरचे साडेपंचवीस हे पहिल्या वर्षीचे आणि पावसाळी हंगामातले आहेत हे ध्यानात ठेवा. इथे उन्हाळ्यातला दिवस लांब, ढग कमी, माती खोल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मका वाढतो तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, पानांना ऊन मिळत नाही. बिहारमध्ये रब्बी मका खरिपापेक्षा जास्त उतरतो त्याचं हेही एक कारण.

पण १९३० च्या दशकापर्यंत इथलाही मका एकरी पंचवीस बुशेलच्या आसपासच घुटमळत होता, सव्वासहा क्विंटल. पिढ्यान्‌पिढ्या तोच आकडा. जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिलं की मका स्वतःच्याच परागाने पिढ्यान्‌पिढ्या वाढवला की खुरटतो, पण अशा दोन खुरटलेल्या वंशांचा संकर केला की जोमदार झाड येतं. खुरट्या झाडांवर बियाणं मात्र इतकं थोडं यायचं की ते विकायला परवडेना. १९१८ च्या सुमारास डोनाल्ड जोन्स यांनी चार वंशांचा दुहेरी संकर सुचवला आणि बियाणं शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं. आयोवातल्याच हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित बियाण्याची कंपनी काढली. सरासरी सहा क्विंटलवरून पंचेचाळीसवर गेली त्यात खत, यंत्रं, दाट लागवड सगळं आहे, पण तेवढं खत पचवणारं आणि तेवढ्या दाटीत न लोळणारं झाड पैदासकारांनी दिलं.

भावाचा प्रश्न इथेही विचारतात. बुशेलला चार डॉलरच्या आसपास दर म्हणजे आपल्या हिशेबात क्विंटलला साडेतेराशे रुपये. इथला शेतकरीही त्या दरात खर्च भागत नाही असं म्हणतो. फरक इतकाच की त्याच्या दारात स्वतःचे लोखंडी कोठार आणि ड्रायर असतात. कापणीच्या आठवड्यातच विकायची सक्ती त्याच्यावर नसते.

बँकेतला_कृषीवाला

मी कडू बोलणार आहे, माफ करा. मीही कृषी पदवीधर आहे, मलाही पैदास आवडायची. एम.एस्सी. केलं, मग चार वर्षं एका प्रकल्पात कंत्राटी सहायक म्हणून काढली. सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ, पगार तीन-तीन महिने थकायचा. घरात वडील आजारी पडले तेव्हा बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेला बसलो आणि पास झालो. आज माझं घर नीट चाललंय.

भाचीला एवढंच सांगा की पैदासकाराच्या जागा थोड्या, अर्जदार खूप. एआरएस, म्हणजे सरकारी कृषी शास्त्रज्ञांच्या भरतीची परीक्षा, तिला शिक्षणाची आणि वयाची अट आहे आणि जाहिरात कधी येईल यावर कुणाचाच ताबा नाही. मुलगी आहे, शेतकऱ्याच्या घरची आहे, पाच वर्षं वाट बघायची ऐपत आहे का हे आधी बघा.

देपालपूरची_लेक

कडू नाही, भाऊ. हेच मला कुणी सांगत नव्हतं.

जुना_पैदासकार

हा धागा दोन दिवस वाचतोय. चौतीस वर्षं वाण काढण्याच्या कामात गेली, आता सुदामानगरला असतो. लांब लिहिणार आहे.

आधी भावाचा प्रश्न. पैदासकार म्हणजे एकरी आकडा वाढवणारा माणूस, हा समज आमच्याच जाहिरातींनी पसरवला. मी जितकी वर्षं काम केलं त्यातली निम्म्याहून जास्त आकडा पडू नये यासाठी गेली. दिवस कमी करणं, रोगाला टिकवणं, उभं ठेवणं, वेळेवर सुकवणं.

उदाहरण माळव्यातलंच घ्या. जेएस ३३५ हे सोयाबीन जबलपूरच्या विद्यापीठाचं, नव्वदीच्या दशकात आलं आणि माळवाच काय, विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरलं. ते शंभर दिवसांच्या आसपास घ्यायचं. पुढे जेएस ९५-६० आलं, ८२ ते ८८ दिवसांत तयार होणारं, चार दाण्यांच्या शेंगांचं. त्याचं एकरी उत्पन्न ३३५ च्या फार वर नव्हतं. पण शेतकऱ्याला पंधरा दिवस मिळाले. सप्टेंबरातच रान मोकळं, मग आलू किंवा लसूण वेळेवर, त्यानंतर काही ठिकाणी उशिराचा गहूसुद्धा. देपालपूर-सांवेर पट्ट्यात ज्या घरांनी तीन पिकं काढली त्यांना ते पंधरा दिवस एका पैदासकाराने दिलेत, आणि ते कुठल्याही उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाहीत. आता त्याच वाणावर पिवळा मोझॅक पडतो, म्हणून ते मागे पडतंय. म्हणजे पुन्हा कुणीतरी ते पंधरा दिवस राखून मोझॅकला टिकणारं वाण द्यायला हवं. काम संपत नाही.

आता तुमच्या घरचा मका. निमाडीदादांनी ओलीचा हिशेब मांडला तो वाचून मला राहवलं नाही. तुमच्या भावाचं जे नुकसान बियाण्याने टळलं असतं ते एकरी क्विंटलांत नव्हतंच, बावीस टक्के ओलीत होतं. मक्याचा दाणा पक्व झाला की बुडाशी, जिथे तो बिट्टीला चिकटतो तिथे, काळा थर येतो. त्या दिवशी दाण्यात तीस-पस्तीस टक्के पाणी असतं. त्यानंतर दाण्यात काही भरत नाही, फक्त पाणी जायचं असतं. काही संकरांत ते पाणी झरझर जातं, कारण कणसाची सालं पातळ आणि पक्वतेनंतर सैल होतात, कणीस खाली झुकतं, पावसाचं पाणी आत शिरत नाही. काहींत सालं घट्ट मिठी मारून बसतात, कणीस ताठ उभं राहतं आणि आत बुरशी. हा गुण वंशातून येतो. निवडता येतो. मुलीने वडिलांसाठी काय करायचं असं विचारत असाल तर हे करायचं. त्याच पंचवीस क्विंटलांना शेतात उभ्या ताटावरच सोळा टक्क्यांवर आणून देणारं झाड. आठ दिवस ओट्यावर मका पसरणं वाचेल, आणि बुरशीबरोबर येणारं अफ्लाटॉक्सिन हे विषही टळेल. कोंबडीखाद्याचा गिऱ्हाईक सगळ्यांत आधी त्यालाच भितो.

याला वेळ किती लागतो? मक्याचा शुद्ध वंश तयार करायला सहा-सात पिढ्या स्वपरागण करावं लागतं. वर्षाला दोन हंगाम घेतले तरी तीन-साडेतीन वर्षं. मग त्या शेकडो वंशांचे संकर करून बघायचे, बहुतेक फेकून द्यायचे. उरलेले चार-पाच ठिकाणी दोन-तीन वर्षं तपासायचे, मग अखिल भारतीय समन्वित चाचण्या, मग अधिसूचना. आठ-दहा वर्षांचा हिशेब. आता दुहेरी एकगुणित पद्धतीने शुद्ध वंश दोन हंगामांत मिळतात. कर्नाटकात कुणिगलला डिसेंबर २०२१ पासून तशी सोय सुरू आहे. पण त्यातही पुढची निवड पायानेच करावी लागते. सकाळी दव असताना ओळीतून चालायचं आणि कुठलं झाड आपल्याला थांबवतं ते बघायचं.

भाची ज्या महाविद्यालयात शिकते तिथे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली, होळकर दरबारने जमीन दिली. लोक त्यांना कंपोस्टच्या इंदूर पद्धतीसाठी ओळखतात आणि त्यात त्यांचे सहकारी यशवंत वाड होते हे आपण मराठी माणसंही विसरतो. पण हॉवर्ड मुळात गव्हाचे पैदासकार. बिहारमधल्या पूसाला त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी मिळून पूसा ४, पूसा १२ हे गहू काढले. गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पोरीला हे ठाऊक असावं. आणि शहरातल्याच गहू संशोधन केंद्राचे वाण तिच्या घरी नक्की पेरले गेले असतील. एचआय या अक्षरांतला आय म्हणजे इंदूर. एचआय १५४४ पूर्णा, एचआय ८४९८ मालवशक्ती, एचआय ८७५९ पूसा तेजस. वडिलांना विचारा, घरच्या पोळीचं पीठ कुठल्या गव्हाचं आहे.

बँकेतल्या मित्राने लिहिलंय ते अक्षर न्‌ अक्षर खरं आहे. कंत्राटी मुलांचे पगार थकतात आणि आम्ही वरिष्ठांनी त्यावर जेवढं भांडायला हवं होतं तेवढं भांडलो नाही. ते माझ्या मनात राहिलंय.

बँकेतला_कृषीवाला

सर, शेवटचा परिच्छेद लिहिल्याबद्दल धन्यवाद.

जालना_बियाणे

सरकारी वाट एवढीच चर्चेत आहे म्हणून खासगीचं लिहिते. मी मराठवाड्यातली, जालन्यात एका बियाणे कंपनीत मक्यावर काम करते. जालना बियाण्यांचं गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून इथे कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. दुसरं मोठं केंद्र हैदराबाद.

एम.एस्सी. झालेली मुलगी लगेच पैदासकार होत नाही, पैदास सहायक किंवा चाचणी अधिकारी म्हणून लागते. पुढे पीएच.डी. करून किंवा सात-आठ वर्षं शेतात काढून स्वतःच्या नावाचा प्रकल्प मिळतो. बियाणे उत्पादनात जागा जास्त आहेत, तिकडेही शिकायला खूप मिळतं. संकरित मक्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींचे तुरे परागकण सुटायच्या आत उपटावे लागतात. दोन-तीन दिवस चुकले की अख्खा प्लॉट नापास. पहाटे चारला उठून ओळी तपासल्यात मी. स्वपरागणाच्या काळात कणसाला केस यायच्या आधी पिशवी, तुऱ्याला पिशवी, दुसऱ्या दिवशी पराग गोळा करून टाकायचा, तारीख लिहायची. दिवसाला दोनशे-तीनशे झाडं. जूनमध्ये पेरणी आणि रब्बीत पुन्हा, त्यामुळे दिवाळी-संक्रांत बहुधा शेतावर.

मुलींना फिरतीचं काम देत नाहीत असं मला शिकताना सांगितलं होतं. माझ्या गटात आज पाचपैकी तीन मुली आहेत. राहण्याची सोय आणि गाडी विचारून घ्यायची, लाजायचं नाही. आणि संख्याशास्त्र पक्कं करायला सांगा. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकली तर मुलाखतीत निम्मं काम होतं. चाचणीचे आकडे ज्याला वाचता येतात तोच ठरवतो कुठला संकर पुढे जाणार.

निमाडी_कापूस

मॅडम, एक बोलू? संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. आमच्या आदिवासी भागात, झाबुआ-अलीराजपूरकडे, लोक अजून घरचा पांढरा मका राखतात, भाकरीसाठी. त्यांच्यासाठी कोण काम करतं?

जुना_पैदासकार

दादा, योग्य विचारलंत. संमिश्र वाण असतात, उदाहरणार्थ छिंदवाड्याच्या केंद्राचा जवाहर मका २१६. त्याचं बी शेतातलं चांगली कणसं निवडून दोन-तीन वर्षं वापरता येतं, शेजारच्या मक्यापासून अंतर राखलं तर. खासगी कंपनी हे काम करणार नाही, तिचा त्यात धंदा नाही, म्हणून ते सरकारी केंद्रांनीच करायला हवं. आणि घरचा पांढरा मका ही नुसती जुनी सवय नव्हे. १९७० साली अमेरिकेत बहुतेक बियाणं एकाच नरवंध्य कोशद्रव्यावर (ज्याने तुऱ्यात पराग तयारच होत नाही) उभं होतं, तुरे उपटायची मजुरी वाचावी म्हणून. करप्याचा एक नवा प्रकार आला आणि देशाचं पंधरा टक्क्यांच्या आसपास पीक गेलं. वेगळ्या वंशांचा साठा होता म्हणून ते सावरले. झाबुआच्या त्या कणसांत काय दडलंय हे अजून कुणी पुरतं तपासलेलं नाही.

काळीमाती_२१

नमस्कार. मी तीच भाची. आत्याने लिंक दिली, आज नवीन खातं उघडलं.

सर, सालांचं आणि ओलीचं तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला वर्गात एका ओळीत शिकवलं होतं. बाबांचा ओट्यावर पसरलेला मका मी आठ दिवस रोज पायाने फिरवत होते, तरी ती ओळ आठवली नाही. आता दोन्ही एकत्र आठवतं.

बाबा अजून हो म्हणाले नाहीत. काल त्यांनी एवढंच विचारलं, "सालं सैल होणारं बी आत्ता मिळतं का कुठे?" मी म्हटलं, शोधते.

नाल्याकडचा अर्धा एकर उशिरा पेरला होता, तो अजून उभा आहे. दुसरा संकर आहे तिथे. त्यात काय मोजू? शिकल्यासारखं मोजायचंय.

जुना_पैदासकार

मोज. ओळींमधलं अंतर दोन फूट असेल तर एका ओळीत पावणेबावीस फूट लांबी म्हणजे एकराचा हजारावा भाग. तेवढ्यातली कणसं मोजून हजाराने गुणायचं. पाच ठिकाणी मोज, कडेच्या दोन ओळी सोडून. जागा आधी कागदावर ठरव. शेतात जाऊन ठरवलीस तर पाय चांगल्या पिकाकडेच वळतात. प्रत्येक ठिकाणची तीन कणसं सोल, दाण्यांच्या ओळी आणि एका ओळीतले दाणे मोज. हजार दाण्यांचं वजन घरच्या काट्यावर. लोळलेली झाडं वेगळी लिही. सालं घट्ट की सैल, कणीस झुकलेलं की ताठ, हेही.

आयोवा_व्हाया_रामबाग

हजाराव्या भागाची हीच युक्ती इथले शेतकरीही वापरतात. मुली, आकडे इथेच टाक, वाट बघतो.

काळीमाती_२१

मोजलं. बाबा टेप धरायला आले होते.

कणसं पाच ठिकाणी २४, २६, २५, १९, २७. सरासरी २४.२, म्हणजे एकरी २४,२००. दाण्यांच्या ओळी सरासरी १४, एका ओळीत ३०, म्हणजे कणसाला ४२० दाणे. हजार दाण्यांचं वजन २६० ग्रॅम. कणसाला १०९ ग्रॅम धरले तर एकरी साधारण २६ क्विंटल ४० किलो. ओल मोजायला मीटर नाही, उद्या मंडीत नमुना नेणार आहेत बाबा. त्यांनीच म्हटलं.

जिथे १९ आली तिथे पाच झाडं लोळलेली होती. सालं या संकराची सैल आहेत, पंधरापैकी अकरा कणसं खाली झुकलेली. वरच्या चार एकरांत सगळी ताठ होती, त्याचे फोटो दसऱ्याचे आहेत माझ्याकडे.

जुना_पैदासकार

चांगलं मोजलंस. ती पाच झाडं मुळासकट उपटली आहेत की मधून मोडली आहेत? मुळासकट असतील तर नाल्याचं पाणी तिथे किती दिवस थांबलं होतं ते बाबांना विचार. मधून मोडली असतील तर एक ताट उभं चिरून आत काय रंग आहे तो बघ आणि कळव.

काळीमाती_२१

तीन मुळासकट, दोन मोडलेली. बाबा कोयता घेऊन आत्ताच गेलेत शेतावर. मीही निघते.